सानगडीचा लेप

तीर्थरूप बाबा,

गुंजनचा नमस्कार. मी बरी आहो, मेसमध्ये भातही चांगला मिळते. काळी गाय व्याली काय?

ढोरांच्या डॉक्टरकीच्या आमच्या कॉलेजात सर गावठी औषधं तपासून राहिले, म्हणून तुमच्या लेपाचा डबा मागवला होता. पाल्याचं नाव सांगितलं का गुण जाते म्हणता, म्हणून वहीत आपल्या गावाच्या नावानं ‘सानगडीचा लेप’ एवढंच लिहिलं. दहा बकऱ्यांले भूल देऊन पाठीवर सारखीच जखम केली. पाच जणींले तुमचा लेप लावला, तुम्ही सांगता तसाच, पाण्याचा थेंब लागू न देता. बाकीच्या पाच जणींची जखम रोज नुसती मीठपाण्यानं धुतली.

धुतलेल्या पाचही जखमा भरल्या. तुमच्या लेपाखाली पू कोंडला. शरीर आतून लढून राहिलं होतं, पण घाण बाहेर निघायले वाटच नव्हती. तीन बकऱ्या तापानं मेल्या. त्या मीच उघडल्या. वास ओळखीचा होता. आईच्या पायाले कुऱ्हाड लागली तेव्हा अकरा दिवस घरात तोच वास होता. आई ‘जखम धुवा, धुवा’ म्हणे, अन् तुम्ही तिचे हात धरून ठेवले.

सर म्हणाले, वडिलांले कळवू नको, त्यांच्या मनाले लागेल. म्हणूनच कळवून राहिली.

तुमच्या पायाले विळा लागला, असं शेजारच्या धनंजयनं फोनवर सांगितलं. उरलेला लेप परत पाठवला आहे. साकोलीच्या दवाखान्याकडं जाणारी बस रोज आपल्या घरासमोरूनच जाते. आईच्या वेळीही जात होती.

तुमची अन् आईची,
गुंजन