लाल पक्षी, मातकट पक्षी आणि कासम

मी, आनंदराव म्हस्कू कोकडे, वय ७१, निवृत्त तलाठी, राहणार न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे, कोणाच्याही दबावाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना (पत्नीचे मत वेगळे आहे) लिहून ठेवतो की:

१. राहते घर पत्नी तुळजाबाई हिला.

२. कुलपाचे कपाट मुलगी अनुपमा हिला. किल्ली सापडल्यास तीही.

३. मेहुणे बापूसाहेब यांना काहीही नाही. कारण त्यांना ठाऊक आहे. मात्र त्यामुळेच ते साक्षीला चालतात; ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीची सही करू नये, असे वकील सांगतात.

४. पिंजरा व पक्षी माझा मित्र कासम मुलाणी, रा. वरवंड, ता. दौंड, याला. खुलासा असा की हे दोन चिमुकले आफ्रिकी पक्षी त्यानेच १९९९ साली मला आणून दिले. म्हणाला, "आण्णा, जोडा हाय." एक लालभडक, दुसरा मातकट. तोंडी पुराव्यावर तलाठी दोघांना एका खात्यात कसा घालील? मी दोन वेगळ्या जाती लावल्या, वहीत स्वतंत्र खाती उघडली आणि सरमिसळ नको म्हणून पिंजऱ्यात मधोमध जाळी ठोकली.

कासम भडकला. "नवरा-बायकोत बांध घालताय व्हय? आता तुमच्या दारात पाय ठेवनार न्हाई." तीन वर्षे ठेवला नाही.

गेल्या दिवाळीत अनुपमाने जाड पुस्तक आणले. लाल तो नर, मातकट ती मादी, जात एकच. प्रजाती लॅगोनोस्टिक्टा. तिच्यात जाती दहा की अकरा, यावर विद्वानांचेही जमत नाही, हे वाचून जरा धीर आला. पण नवऱ्याची एक आणि बायकोची दुसरी जात लावणारा मी एकटाच.

जाळी काढली, वहीत फेरफार नोंदवला. महिन्यात चार अंडी! मला फार लाज वाटली. वरवंडला जाऊन चूक कबूल करण्याचे धाडस मात्र झाले नाही. छातीचे दुखणे वाढले आहे. कासमशी बोलल्याशिवाय मला जायचे नाही. या कलमाची नक्कल बापूसाहेबांच्या हाती त्याला पाठवली आहे. पक्षी त्याने स्वतः येऊन न्यावेत.

५. मागाहून घातलेले कलम: कासम आज सकाळच्या एसटीने आला. वही पाहिली, खूप हसला आणि साक्षीच्या सहीसाठी पेन मागितले. मी वकिलांचे म्हणणे सांगितले.

"म्हंजी सही केली की पक्षी मला न्हाईत? मग आना हिकडं. पक्षी घरी न्हेल्यावर मी हितं कशाला येनार, आण्णा?"

सबब कलम ४ रद्द.

ठिकाण: न्हावरे
दिनांक: १७ फेब्रुवारी २००२

लिहून ठेवणार: आनंदराव म्हस्कू कोकडे

साक्षीदार:
१. बापूसाहेब (नाराजीने)
२. कासम मुलाणी (जेवायला थांबले आहेत)