भिंती नसलेल्या घराचं कुलूप

फालेऊता, सवाईई बेट
मंगळवार, १३ मे २०२५

प्रिय फुआतिनो ताई,

देवाच्या कृपेनं इकडे सगळे ठीक आहेत. ऑकलंडला आता थंडी सुरू झाली असेल, गुडघे सांभाळ. तारोच्या कंदांचं पीक यंदा चांगलं आलं. चर्चच्या छपरावर नवा पत्रा बसला, त्यामुळे पाऊस आला की पाळकांचं प्रवचन कुणालाच ऐकू येत नाही. हे नुकसान की फायदा, यावर गावात दोन मतं आहेत. काल मातृदिनाची सुट्टी होती. बायकांनी नेहमीची गाणी म्हटली. पुढच्या रांगेत तुझ्या लेकीची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती.

ताई, समुद्राच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या आपल्या माणसांचं एक दुखणं सारखंच आहे. आपल्याला फोन विकायला सगळे आले. बोटीच्या धक्क्यावर तंबू ठोकून आले, गाणी वाजवत आले, टोप्या वाटत आले. चेहरा बघून उघडणारा फोन, बोललेलं लिहून काढणारा फोन! पण त्या फोनात चोर कुठून शिरतो, हे आपल्या भाषेत सांगायला एकही माणूस आला नाही. सूचना सगळ्या इंग्रजीत आणि चोर मात्र अस्सल सामोअन बोलतो. विकणाऱ्याला आपली भाषा शिकायची गरज वाटली नाही, चोराला वाटली! यावर मी तासभर बोलू शकतो. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या सभेत बोललोही. टाळ्यांनी मंडप हलला.

घरी आलो तर आपल्या घराण्याचे थोरले, उएलेसे काका, खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "भाषण छान झालं हो. खरं कधी बोलणार?"

म्हणून हे पत्र.

कागदावर लिहितोय, कारण तू माझा नंबर बंद केलास. बरोबर केलंस. मार्चमध्ये माझ्या नंबरावरून, माझ्याच आवाजात, तुम्हा सगळ्यांना निरोप आला: काकांच्या मानाच्या सोहळ्याची तिकिटं काढायची आहेत, पासपोर्टचे फोटो पाठवा. तो मी नव्हतो. तरी आपल्या अकरा माणसांनी फोटो पाठवले, कारण घराण्याच्या वक्त्यानं मागितलं की आपल्यात 'कशाला' असं विचारत नाहीत. पुढं त्यांच्या नावांवर कुठल्या कुठल्या शहरांत सिमकार्डं निघाली आणि तुझ्या धाकट्याला दोन दिवस पोलीस चौकीत खेटे घालावे लागले. हे सगळं तुला माहीत आहे. मी तुला तुझंच दुःख का सांगतोय? पुढचं लिहायचं लांबवतोय, दुसरं काय.

त्यानंतरची घराण्याची बैठक तू पडद्यावर पाहिलीस. इकडे आम्ही चटयांवर, तिकडे तुम्ही ऑकलंड-ब्रिस्बेनचे चाळीस जण त्या चौकोनांत. मी काठी टेकून उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. तुझी सिलिवा मागे कपबश्या घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बोट केलं. म्हणालो, "जिच्या हाती घराचा विश्वास दिला, तिनंच तो चोरापुढं उघडा टाकला." पुरावा काय? माझा फोन तिनं सुरू करून दिला होता, एवढाच. पण माझा आवाज चढला की पुरावा लागत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. कुणीतरी "खरंय!" म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

तिनं कपबश्या गोळा करून धुवायला नेल्या. तिसऱ्या दिवशी बोटीत बसली आणि तुझ्याकडे आली.

बहिणीचं लेकरू आपल्यात देवाच्या खालोखाल. ते मी चाळीस जणांसमोर तुडवलं. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू नुसता माझा नंबर बंद केलास.

आता त्या गुरुवारचं. म्हणजे बैठकीच्या दहा दिवस आधीच्या. मी ओसरीत नारळ सोलत होतो. सोलून झाले होते खरं तर, आणि नारळही यंदा... ताई, बघ, मी अजून नारळांबद्दलच लिहितोय.

फोन वाजला. उएलेसे काकांचा आवाज. तोच घोगरेपणा, वाक्याच्या मध्येच तो खोकला. "पेनी, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत बघ. ते मला वाचून दाखव." मी चष्मा शोधू लागलो. सिलिवा तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली.

"मामा, कोण आहे?"

"थोरले आहेत."

"मग ते आकडे का मागतायत? मामा, ते कुणालाच सांगायचे नसतात. काकाआजोबांना पण नाही. फोन ठेवा, मी पळत जाऊन त्यांना विचारून येते."

"थोरले बोलत असताना मी फोन ठेवू? तुझ्या आईनं हेच शिकवलं का?"

"मामा, नका ना..."

"गप्प बस!"

आणि मी सहा आकडे वाचले. एकेक करून, सभेत वाचतो तसे, खणखणीत.

संध्याकाळच्या प्रार्थनेला काका भेटले तेव्हा मी म्हणालो, आकडे मिळाले ना? ते म्हणाले, "कसले आकडे? माझा फोन तर रविवारपासून डुकरांच्या कुंपणाजवळ पडलाय, सापडत नाही."

चोराला वाट मीच दिली, हे तेव्हाच मला कळलं होतं. बैठकीत उभा राहिलो तेव्हा मला माहीत होतं. बोट केलं तेव्हाही माहीत होतं. तिलाही माहीत होतं, ताई! ती एका वाक्यात मला आडवा करू शकत होती. पण मामाची लाज चारचौघांत काढायची नसते, हे तिला तू शिकवलेलं होतं. माझ्या आरोळीपुढं ती तुझी शिकवण सांभाळत बसली.

आता मागे वळून बघताना वाटतं ते असं. आपले थोरले कधी स्वतःच्या तोंडानं काही मागतात का? गाव वसल्यापासून मागितलंय का? त्यांच्या वतीनं मागायलाच तर घराण्याला वक्ता असतो. तीस वर्षं मी ते काम करतोय. थोरल्यांनी स्वतः फोन करून काही मागितलं, त्याच क्षणी मला समजायला हवं होतं की हे थोरले नाहीत. काकांची दर रविवारची प्रार्थना आम्ही चर्चमधून तुमच्यासाठी फोनवर दाखवतो. तिथूनच कुणीतरी त्यांचा आवाज उचलला आणि एका यंत्राला शिकवला. पुढं माझी भाषणं ऐकून माझाही. आवाज चोरता येतो. रीत चोरता आली नाही, पण मी रीतच विसरलो.

सिलिवानं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं, "मामा, तुमच्या फोनवरच्या या निरोपांच्या खात्याला दुसरं कुलूप लावू या, तुमच्या मनातल्या आकड्यांचं. पहिले आकडे कुणी पळवले तरी आत येता येणार नाही." मी हसलो होतो. म्हणालो, "पोरी, आपल्या घराला भिंतीच नाहीत, कुलूप कशाला लावू?" सगळे हसले. मला माझं वाक्य फार आवडलं होतं.

आता कळतं, मूर्खाचं वाक्य होतं. आपल्या घराला भिंती नाहीत तरी चोर येत नाही, तो आपण भोळे म्हणून नव्हे. समोरच्या घरात म्हातारी सेफीना पंखा हलवत बसलेली असते आणि तिला रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा कुणाचं ते माहीत असतं, म्हणून येत नाही. उघड्या घराची राखण शेजाऱ्याचे डोळे करतात. फोनात बोलताना मला सेफीना बघत नव्हती. सिलिवा बघत होती, तिला मी गप्प केलं.

काकांना मी ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या चोराचा आवाज माझ्यापेक्षा तरुण होता का?" मी म्हणालो, "नाही, तुमच्यासारखाच म्हातारा." त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

तरी सभेत टाळ्या घेऊनच आलो. काकांनी तो टोमणा मारला तो त्यानंतर. दुसऱ्या सोमवारी गावच्या पंचांपुढं मी उभा राहिलो आणि यावेळी वीस मिनिटं नाही, चार वाक्यं बोललो. दंड झाला: एक मोठी डुकरीण आणि डबाबंद माशांची खोकी. डुकरीण कापली तेव्हा पंचांनीच मला वाढलं आणि म्हणाले, खा, तुझीच आहे.

आणि आता चांगली बातमी. गावानं नियम केलाय. फोनवर कुणी आकडे, कागद किंवा फोटो मागितला, मग तो बँकवाला असो, पोटचा पोरगा असो की प्रत्यक्ष थोरले, फोन ठेवायचा. त्याला बेअदबी म्हणायचं नाही, असं पंचांनी जाहीर केलंय. मग आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर आपणच फोन लावायचा, शेजारच्या माणसासमोर, आवाज मोठा करून. महिला मंडळानं यावर देखरेख घेतलीय. त्यांची देखरेख म्हणजे तुला माहीत आहे, पोलीस बरे!

मागच्या बुधवारी सेफीनाला तिच्या नातवाच्या, इओआनेच्या आवाजात फोन आला. "आजी, मी अडकलोय, तुझ्या ओळखपत्राचा फोटो पाठव." म्हातारी म्हणाली, "पाठवते हं राजा, आधी तुला फोन करते." आणि कट! इओआने ब्रिस्बेनला एका छपरावर पत्रे ठोकत होता. आजीनं विचारलं, "अडकलायस का?" तो ओरडला, "आजी, मी शिडीवर आहे!" "मग शिडी धर," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून ती गावात अशी चालते की वाट द्यावी लागते.

पण याच सेफीनाला दोन आठवड्यांपूर्वी एक निरोप आला होता. सिलिवाचा. मला वाटतं, तुलाही ठाऊक नसेल. लिहिलं होतं: "आजी, माझं नाव न सांगता मामांना सांगा, आपल्या खात्याला दुसरा कुठला फोन जोडलेला आहे का, ती यादी बघा. ते बघायला विसरले असतील." म्हातारीनं नाव न सांगण्याचा प्रयत्न केला. अर्धं मिनिट टिकला.

मी यादी उघडली. माझ्या फोनाखाली आणखी एक फोन होता. माझा नसलेला. मार्चमधल्या फसवणुकीनंतर खातं परत मिळालं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता आणि चोर तसाच आत बसून होता! मी जिल्ह्याच्या सभेत चोरांवर गरजत होतो तेव्हा तो माझ्या खिशात बसून आपलं सगळ्यांचं बोलणं वाचत होता. ती जोडणी मी तिथल्या तिथं तोडली. दुसरं कुलूप लावलं. सेफीनानं फोन धरला होता.

जिला मी चोराला वाट दिल्याचा डाग लावला, तिनं दोन हजार मैलांवरून ती वाट बंद केली. रागात असूनही. माझं नाव घ्यायचं नसूनही. या एका गोष्टीमुळं मला पत्र लिहायचं धाडस झालं.

महिला मंडळ रोज मला प्रश्न विचारतं. हा दुवा दाबू का, हे नवं ॲप खरं का, नातवाच्या शाळेच्या गणवेशातला फोटो सगळ्यांना दिसतोय तो कसा लपवू. मला निम्मं येत नाही. मग त्या आपसांत म्हणतात, सिलिवा असती तर. मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणतात. पंचांनी हे सगळं शिकवायला तिच्यासाठी शाळेची एक खोली ठेवलीय, तिला यायचं असेल तर. नसेल तरी तिचा मान तिथं राहील.

मी माफी मागायच्या आपल्या रीतीप्रमाणं चटई पांघरून, मान खाली घालून तुझ्या दारात बसायला येणार होतो. काका म्हणाले, "ऑकलंडच्या फुटपाथवर चटईखाली बसलास तर अर्ध्या तासात पोलीस उचलतील आणि बाकीचे वर नाणी टाकतील." मग मी म्हटलं, पडद्यावर माफी मागतो. पण ताई, पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्यावर आणि आवाजावर आता आपल्यात कुणी विश्वास ठेवेल का? ठेवूच नये! ज्या आवाजाच्या जोरावर मी तीस वर्षं उभा राहिलो, तो आता कुणीही वापरू शकतं. म्हणून हे पत्र पाळकबाईंच्या हाती देतोय. त्या शुक्रवारी ऑकलंडला निघतायत. माझं अक्षर तू ओळखतेस.

मी हे फक्त तुझ्यासाठी लिहायला बसलो होतो. पण अपमान चाळीस जणांनी ऐकला, तर माफी एका कानात कशी सांगू?

या रविवारी चर्चमधून आल्यावर सगळे तुझ्याकडे जेवायला जमतील. सिलिवाला वाढायला उठवू नकोस. तिला थोरांच्या पंगतीत, तुझ्या उजव्या हाताला बसव. आणि कुणी पहिला घास घेण्याआधी हे पत्र पहिल्या ओळीपासून, काहीही न गाळता, उभी राहून तुझ्या आवाजात वाच.

तुझा भाऊ,
आणि तिनं अजून म्हणू दिलं तर सिलिवाचा मामा,
पेनियामिना