तोंड नसलेला पुतळा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अतिक्रमण निर्मूलन अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : चौकातून जप्त केलेला माझा कापडी पुतळा परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'विनापरवाना स्मारक उभारल्याबद्दल' मला बजावलेली आपली नोटीस.

महोदय,

पुढील मजकुरावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. घरी वाचून दाखवला, तेव्हा बायको मध्येच उठून आत गेली. आपण कृपया बसून राहावे.

१. मी चौकातला फोटोवाला. तिथला थोर पुरुषाचा पुतळा ठेवावा की हटवावा, हा वाद मिटेपर्यंत आपल्या कार्यालयाने तो ताडपत्रीत गुंडाळला. लोक पुतळ्यासोबत फोटो काढायला येत आणि गाठोड्यासोबत काढून जात. हे न बघवल्याने मी माझ्याकडील जुन्या फोटोवरून अख्खा पुतळा कापडावर छापून घेतला व ताडपत्रीपुढे टांगला. तोंडाच्या जागी तेवढे भोक ठेवले. वाटेल त्याने मागून तोंड घालावे आणि थोर व्हावे.

२. 'ठेवा'वाले आले, 'हटवा'वालेही आले. एकाच रांगेत उभे राहून, एकाच कंगव्याने त्यांनी केस विंचरले. पुतळ्यापेक्षा आपणच बरे दिसतो, यावर उभयपक्षी एकमत झाले. इतक्या वर्षांत झालेले हे पहिलेच.

३. आता मुख्य मुद्दा. एका दुपारी चौक सामसूम असता ताडपत्री हलली. खुद्द पुतळा खाली उतरला, म्हणाला, "सगळ्यांचे काढता, माझाच राहिला की," आणि त्याने भोकात तोंड घातले. तो फोटो सोबत जोडला आहे. चेहऱ्यावर चष्मा आहे हे खरे. वयोमानाने लागला असेल. कानावर पेन आहे, तेही खरे. हा थोर पुरुष लढला जास्त की त्याने लिहिले जास्त, हाच तर मुळात वाद आहे.

४. सबब, प्रत्यक्ष पुतळ्याने वापरलेले कापड बेकायदा ठरू नये. मूळ फोटो छापखान्यात गहाळ झाल्याने दुसरे कापड होणे नाही. ते आपल्या गोदामात घडीवर विरले, तर चौकात बघायला फक्त ताडपत्री उरेल. तरी ते मला परत मिळावे, ही विनंती.

आपला व पुतळ्याचाही नम्र,
चौकातला फोटोवाला
दिनांक : आजचाच

सोबत : फोटो, एक.

आवक खिडकीचा शेरा : अर्ज सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत कार्यालय हसत होते. त्यानंतर मी कानावरचे पेन काढून, चष्मा पुसून सोबतचा फोटो पाहिला व अर्जदारास तिथल्या तिथे सुनावले, "आजोबा, धडधडीत खोटं बोलताय. हा पुतळा कुठला? हा मी आहे."