वरच्या ओठावरची पुटकुळी आणि सतरा मेचं कॉर्नेट

प्रिय आणि (आईच्या शब्दांत) अतिस्पष्टवक्त्या गुनव्हर आत्या,

तुला आणि आतोबांना तूवाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत. तुमच्या बोडो गावचा वारा पडला का, तुझा गुडघा जिना चढू देतो का, आणि आतोबांनी होडीला रंग लावला की कुठला लावायचा यावरच अजून वाद चाललाय, ते सवडीने कळव.

ईस्टरला तू आलीस, दारातच माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "अगं बाई, ह्या पोरीच्या तोंडावर काय पेरलंय?" तुझ्या पोटात मायाच होती (बाबांनी नंतर मला तसं पुन्हापुन्हा बजावलं), पण तू गेल्यावर मी चंगच बांधला की सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या, आत चेहरा लख्ख करायचा. कारण यंदा बँडमध्ये चौकातला कॉर्नेटचा एकलवादनाचा तुकडा माझ्याकडे होता, आणि कॉर्नेट म्हणजे ओठांना लावून फुंकायची पितळी तुतारीच, ती वाजवताना तोंड लपवायची काही सोय नसते. वेगार दादा म्हणाला, टूथपेस्ट लाव. लावली. आग आग झाली. मग इंटरनेटवरच्या कुणा बाईंच्या सांगण्यावरून लिंबू चोळलं. मग जाडं मीठ. (घरात मासे खारवतात तसंच, फक्त मासा जिवंत होता.) साबणाने इतक्यांदा तोंड धुवायला लागले की बाबा गरम पाण्याची तोटी बंद करायची भाषा करू लागले. तेलकटपणा नको म्हणून क्रीम सोडलं, तर कातडीचे कांद्यासारखे पापुद्रे निघायला लागले आणि खाली पुटकुळ्या होत्या तिथेच, उलट आणखी लाल. आई म्हणाली, "अगं, तो चेहरा आहे, बटाटा नाही सोलायला!"

आणि मग ती आली. वरच्या ओठावर, बरोब्बर कॉर्नेटचं तोंड टेकतं तिथे. मी आरशासमोर उभी राहून ती फोडली. दुसऱ्या दिवशी ओठ असा सुजला की तालमीत पहिला स्वर फुंकला तो धुक्यात वाट चुकलेल्या फेरीबोटीच्या भोंग्यासारखा निघाला. ढोलवाले पोट धरून हसले. मी कॉर्नेट खुर्चीवर ठेवलं आणि बाहेर निघून आले. आत्या, गंमत बाजूला ठेवून सांगते, सायकली लावतात तिथे बसून मी खूप रडले. पुटकुळीसाठी नव्हे गं. सगळा हिवाळा मी तो तुकडा घोटला होता, आणि आता मला कुणी बघूच नये असं वाटत होतं.

आमचे बँडचे थोरलाइफ सर मागोमाग आले. म्हटलं, "सर, तुकडा दुसऱ्या कुणाला द्या. असलं तोंड घेऊन मी चौकात उभी राहणार नाही."

"मला तुझं तोंड नकोय, तूवा, मला तुझा वरचा सा हवाय," सर म्हणाले. "ओठ बरा कर. शाळेच्या नर्सबाईंकडे जा. आत्ता जा."

नर्सबाई, तोरिल त्यांचं नाव, माझ्या उपायांची यादी ऐकताना खोकल्याचं निमित्त करून दोनदा खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तू चेहऱ्याशी भांडतेयस. जरा सबुरीने घे." सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश, बस्स. नंतर हलकं क्रीम लावायचंच, कारण कोरडी कातडी चिडते. बाहेर पडताना सनस्क्रीन. औषधाच्या दुकानातलं मलम सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. तालमीनंतर घाम धुवायचा, उशीचा अभ्रा बदलत राहायचा, कॉर्नेटचं तोंड आणि टोपीचा हनुवटीखालचा पट्टा पुसायचा. आणि हात खाली! "लगेच फरक दिसणार नाही," त्या म्हणाल्या, "काही आठवडे जातील. तरी कमी झालं नाही, तर डॉक्टरकडे जाऊ. आणि हे घाणेरडेपणामुळे होत नाही, कळलं?" हे शेवटचं वाक्य ऐकून मला पुन्हा रडू आलं, पण जरा बऱ्या जातीचं.

सगळ्यांत कठीण हात खाली ठेवणं. दादाने माझ्यावर पाळत ठेवली. जेवताना माझा हात गालाकडे निघाला की तो पोलिसांसारखी शिट्टी मारायचा. (त्याची दाढी नुकती फुटतेय, तिथे पुरळ उठलंय. माझं क्रीम कमी होतंय, पण मी गप्प आहे.) ओठाची सूज उतरली. कपाळ हळूहळू निवळलं. हनुवटी अजून ऐकत नाही.

सतरा मेला ऊन होतं. नाकावर एक नवीकोरी पुटकुळी घेऊन मी चौकात उभी राहिले. पहिला स्वर थरथरला, दुसरा सरळ गेला, आणि वरचा सा असा लागला की सॉसेज खाणारी माणसं खायची थांबली. माझ्या तोंडाकडे बघत असतील तर असोत, मला तेव्हा त्याची आठवणच नव्हती. नंतर आईने मिठी मारली आणि माझं सनस्क्रीन तिच्या सणाच्या पारंपरिक पोशाखाला, त्या बुनाडला लागलं.

तुझीच,
तूवा

ता.क. सोबत फोटो पाठवतेय. त्यात गाल इतके फुगलेत की पुटकुळ्या शोधायला भिंग लागेल.

ता.ता.क. जुलैत मी तुझ्याकडे येतेय, आणि बरोबर आमच्या बँडमधला ट्रॉम्बोन येतोय. वाद्य नव्हे, वाजवणारा. नाव ब्रेडे. आईला मी सांगून ठेवलंय की तूच आग्रहाने आम्हा दोघांना बोलावलं आहेस. तेव्हा हे पत्र मिळताच आम्हाला ताबडतोब बोलाव.