विलायती तंबाखूची मिश्री

माय, तुला वाचता येत नव्हतं. तेव्हा तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काही मला जमलं नसतं. तुला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मी रिटायर झालो, केस गेले, गुडघे तुझ्यासारखेच बोलायला लागले. घर सुरतेच्या उधन्यातलं तेच आहे, फक्त वर एक मजला चढवलाय. सकाळपासून कागद घेऊन बसलोय आणि डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, ती त्या तंबाखूच्या डब्याची. तू म्हणशील, ‘आजून तुना ध्यानमा शे का ते?’ आहे ना, माय. न राहून काय करेल?

तुला त्या डब्याची अर्धी गोष्ट मी कधी सांगितलीच नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मी तेव्हा पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटरवर होतो, म्हणजे ओलं कापड ताणून वाळवायचं ते लांबलचक मशीन. नवीन मशीन बसवायला परदेशातून एक गोरा इंजिनियर आला होता. दोन महिने मी त्याच्या हाताखाली राबलो. त्याच्या तोंडात कायम पाइप. जाताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि एक पाइप आणि तंबाखूचे दोन गोल, चपटे, सीलबंद डबे माझ्या हातात ठेवले. झालं! मी हवेत. उधन्यात पाइप ओढणारा माणूस कुणी बघितला होता? फार तर सिनेमातला व्हिलन. पण आपल्यात आईसमोर ओढत नाहीत. मी तर तुझ्यासमोर कधी साधी विडीही शिलगावली नव्हती. म्हणून पाइप गेला लग्नातल्या सुटाच्या खिशात आणि डबे कपाटात, चादरींच्या मागे. तुझा मान राखला, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला तुझ्या शिव्या खायच्या नव्हत्या.

पहिला डबा घेऊन मी गच्चीवर गेलो. तो काही केल्या उघडेना. नखं लावली, दात लावले, शेवटी स्क्रू-ड्रायव्हर घालून वरून ठोकलं. आतली हवा ओढून घेऊन झाकण बसवलेलं असतं, हे मला काय ठाऊक! झाकण वाकडं झालं, पत्र्यानं अंगठा फाडला. खाली आलो तर तू हळद दाबलीस आणि विचारलंस, “काय करी ऱ्हायना व्हता रे?” मी म्हणालो, पाण्याची टाकी बघत होतो. मग पाइप भरला, ठासून ठासून, पिशवीत कापूस भरावा तसा. तंबाखू ओलसर होती. दहा काड्या ओढल्या, धूर काही येईना, आणि आला तेव्हा जीभ अशी भाजली की दोन दिवस मला वरणाची चव नव्हती. खोकला लागला तो वेगळाच. तू बिचारी आल्याचा चहा करून द्यायचीस आणि म्हणायचीस, त्या केमिकलच्या वासानं होतंय, जपत जा. त्या वाकड्या झाकणानं डबा पुन्हा बंद होईना आणि आठ दिवसांत सगळी तंबाखू वाळून तिचा चुरा झाला. तेव्हा मला आठवलं, की तो गोरा जाताना हातवारे करून काहीतरी समजावत होता: झाकणाच्या फटीत नाणं घाल आणि पिळ, मग तंबाखू कागदावर पसर, तासभर सुकू दे, मग भर. मी नुसती मान हलवत होतो. मला सगळं येतं असं दाखवायची खोड तुझी नाही, माझीच.

आता तुझी बाजू. तू मिश्री लावायचीस, लहानपणापासून. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटानं दातांना घासायची. तुझी सकाळ तिथून सुरू व्हायची. बाप गेल्यावर लूमच्या खात्यात दिवसदिवस बॉबिन भरून तू मला वाढवलंस, तेव्हा तेवढीच एक चैन होती तुला. आणि मी ती बंद केली. भाजताना सगळ्या गल्लीला ठसका लागतो, म्हणालो. दात काळे दिसतात, म्हणालो. कारण काय, तर मला शिफ्ट इनचार्ज व्हायचं होतं, मॅनेजरसारखी माणसं घरी येणार होती. तुला टूथपेस्ट आणून दिली आणि मोठा सुधारक झालो. तू भांडली नाहीस. फक्त मधूनमधून, मी चप्पल घालत असताना, हळूच म्हणायचीस, “भाऊ, चिमूटभर लई ये ना.” आणि मी म्हणायचो, “बघू.” माझं ‘बघू’ म्हणजे नाही. पण तुझं तसं नव्हतं, माय. मी लहानपणी काही मागितलं आणि तू ‘बघू’ म्हणालीस, की चार दिवसांनी ती वस्तू घरात यायचीच. तू माझ्या ‘बघू’ला तुझ्या मापानं मोजत बसलीस.

तो रविवार. बायको पहिल्या बाळंतपणाला चाळीसगावला गेलेली. घरात आपण दोघंच. मॅनेजर आणि त्याची बायको चहाला येणार होते. मिलमध्ये मी त्या डब्याबद्दल इतकी फुशारकी मारली होती, की तोच म्हणाला, एक दिवस दाखव तरी तुझी विलायती तंबाखू. तू दुपारची भजनाला गेलीस, तशी मी दुसरा डबा काढला. या वेळी रुपयाचं नाणं फटीत घातलं, जरासं पिळलं, आणि फुस्स! काय सांगू तुला, झाकण आपसूक वर आलं. वास असा, की गूळ आणि मनुका एकत्र शिजत असाव्यात. वर्तमानपत्रावर तंबाखू पसरली. बाहेरच्या खोलीत पंख्यानं उडाली असती, म्हणून स्वयंपाकघरात फळीवर ठेवली, तुझ्या पिठाच्या डब्याशेजारी. तासाभराचा तर प्रश्न होता. तू भजनाहून सहाच्या आत येत नसायचीस, त्याच्या आत पाहुण्यांना गच्चीवर नेऊन पाइप ओढून होईल, असा माझा हिशोब. त्यांना गल्ली सापडणार नाही म्हणून मी त्यांना आणायला रेल्वेच्या फाटकाकडे गेलो. फाटक पडलेलं. एक मालगाडी गेली, मग दुसरी गेली. इकडे तुझा गुडघा दुखायला लागला आणि तू अर्ध्या भजनातून उठून घरी आलीस.

आम्ही गल्लीत शिरलो तर वास. गोड, जळका, दाट. मॅनेजरची बायको म्हणाली, “कोई मीठाई बनावे छे के शुं?” मी पुढे धावलो. दार उघडं आहे. तू शेगडीपुढे पाट घेऊन बसली आहेस, तव्यावर काळीकुट्ट झालेली तंबाखू, ताटलीत वाटीच्या बुडानं चुरलेली मिश्री, आणि तुझं बोट दातावर. पाहुणे दिसताच तू लगबगीनं उठतेस, तोंडाला पदर लावतेस, पण तुला धीर निघत नाही. पदराआडूनच म्हणतेस, “मनासाठे लई उना ना रे भाऊ? माले लगेच समजनं. कितला गोड वास शे!”

माझ्यासाठी आणलीस ना, एवढंच विचारलं होतंस तू. मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. एक अक्षर, माय! ‘हो’ म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? मॅनेजर हसला असता, त्याच्या बायकोनं वास घेतला असता, चहा झाला असता आणि विषय संपला असता. पण मी पाहुण्यांकडे वळून गुजरातीत म्हणालो, “एने कंई खबर नथी पडती.” हिला काही कळत नाही. भाजीवाल्याशी रोज गुजरातीत घासाघीस करणाऱ्या बाईला ते कळलं नसेल? आणि मग तुझ्याशी बोललो तो आपल्या बोलीत नाही, मिलमध्ये मजुरांवर ओरडतो तशा कडक मराठीत. “कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? विलायती तंबाखू आहे ती, ओढायची! यापुढे या घरात मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.” मॅनेजर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. “जवा दे ने यार,” म्हणाला. जाऊ दे. ज्याच्यासाठी मी हा तमाशा केला, त्याला त्याचं काहीच नव्हतं.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. थोड्या वेळानं आतून तुझा आवाज आला, “भाऊ, चहामा टाकाले साखर लेऊ का?” मला वाटलं टोमणा मारतेस. मी तिथूनच म्हणालो, घे. मग विचारलंस, दूध लेऊ का? कप लेऊ का? मॅनेजरच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी ती सगळी मिश्री तू फडक्यात बांधून टीव्हीवर ठेवलीस, माझी वस्तू मला परत. मी ती गटारात टाकून दिली. तू पुन्हा कधी दाताला मिश्री लावली नाहीस आणि ते मी माझं यश धरलं.

पण ते विचारणं काही थांबलं नाही. मला वाटलं, दोन दिवस रुसेल आणि विसरेल. रुसवा नव्हताच तो. तुझा रुसवा मी ओळखायचो, तू भांडी आपटायचीस. हे तू अगदी शांतपणे विचारायचीस. केळं लेऊ का? पंखा लावू का? बायको बाळाला घेऊन आली, तिला वाटलं सासूची गावाकडची रीत असेल, किती मर्यादेची बाई. तू पाळण्यापाशी उभी राहून मला विचारलंस, “पोऱ्याले मांडीवर लेऊ का?” तुझा नातू, माय. आणि मी काय केलं? चिडलो. “अगं घे ना, विचारतेस काय सारखं!” तू मान हलवायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहा वर्षं. शेवटच्या आजारात तांब्या उशाशी असायचा, हात पोहोचत होता, तरी माझी वाट बघायचीस. ‘मी तेव्हा चुकलो, ते बोलणं मी मागे घेतो,’ एवढं वाक्य माझ्या जिभेवर किती वेळा आलं. पण ते म्हणायचं तर काय बोललो होतो तेही तुझ्यासमोर पुन्हा उच्चारावं लागलं असतं. म्हणून चिडणंच बरं वाटलं. माझ्यासारखा भित्रा माणूस तुझ्या पोटी कसा आला, देव जाणे.

परवा तुझ्या नातवाचा साखरपुडा झाला. मुलगी इथलीच, आईबाप अमळनेरकडचे, आपली बोली तिला कळते पण बोलते गुजरातीत. दोन्हीकडची माणसं अवघडून बसली होती, म्हणून मी ती तंबाखूची गोष्ट काढली. हो, मी ती सांगतो, माय. मिलमध्ये सांगितली, लग्नाकार्यांत सांगितली. फार रंगवून सांगतो. स्क्रू-ड्रायव्हर, फाटलेला अंगठा, ते फुस्स, फाटकावरच्या मालगाड्या, आणि शेवटी माझी म्हातारी विलायती तंबाखू तव्यावर भाजत बसलेली. तिथे मी थांबतो. माणसं हसून लोटपोट होतात. तू विचारलेलं, मी बोललेलं, यातलं एक अक्षर मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. परवाही सगळे हसले. फक्त त्या मुलीनं तिच्या गुजरातीत विचारलं, “मग आजी काय म्हणाल्या?” आजपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “काय म्हणणार? ती पण हसली.”

तू हसलीस की रडलीस, मला माहीतच नाही, माय. ते बोलून झाल्यावर मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. मी मॅनेजरच्या तोंडाकडे बघत होतो.