वडिलांच्या इंजिनाला भोक पाडण्याची संमती

मी, घरात 'दादा' आणि बर्फाच्या कारखान्यात 'तपासनीस' या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, हुद्दा मुख्य हिशेबनीस, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी कोणत्याही विषयावर वाद घालून पाहावा. प्रकृती उत्तम आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; उलट हे लिहू नये म्हणून पत्नी सकाळपासून दोनदा चहा ठेवून गेली. उद्देश एकच: माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे मी ठरवावे, माझ्या धाकट्या भावाने नव्हे.

कलम १. घराचा वरचा मजला माझ्या पत्नीस मिळावा. खालचा मजला वडिलांनी धाकट्याला दिला. त्याविषयी मी तेव्हा बोललो नाही, आताही बोलत नाही. इतकेच नमूद करतो की अंगण, शेड आणि पाण्याची टाकी खालच्या मजल्याबरोबर गेली. वरच्या मजल्याच्या वाट्याला ऊन आले. वर एक गॅलरी आहे. तिचा कठडा डुगडुगतो, तो पक्का करून घ्यावा. अंगणात काय चालले आहे हे पाहण्यासाठी मी त्यावर वर्षानुवर्षे रेललो आहे.

कलम २. बँकेतील व पोस्टातील सर्व शिल्लक पत्नीस मिळावी व तिने ती तिच्या रोपवाटिकेत घालावी. आम्हाला मूलबाळ नाही. लग्नानंतर तिने अंगणाच्या कडेला पहिल्या कुंड्या मांडल्या तेव्हा मी विचारले, "पाण्याचं बिल कोण भरणार?" धाकट्याने दुसऱ्या दिवशी कुंड्यांवर पत्र्याचे छप्पर ठोकून दिले. ते छप्पर अजून उभे आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही.

कलम ३. माझे शाईचे पेन कारखान्यातील कनिष्ठ कारकुनास देण्याची गरज नाही. ते त्याच्याकडेच आहे.

कलम ४. अंगणात उभा असलेला, लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा ट्रक. वडिलांनी त्यावर आयुष्यभर बर्फाच्या लाद्या वाहिल्या आणि मरताना तो आम्हा दोघांना निम्मा निम्मा ठेवला. कागदावर निम्मा म्हणजे निम्माच. परंतु प्रत्यक्षात माझ्या निम्म्यात स्टिअरिंग कधीच आले नाही. कॉलेजात असताना मी एकदा चालकाच्या जागेवर बसलो होतो. वडील म्हणाले, "उतर बाबा. तुझं डोकं कागदावर चालतं. गाडीला कान लागतो, तो त्याला आहे." मी उतरलो. धाकटा तेव्हा जेमतेम पेडलपर्यंत पोचत होता, तरी चढला.

पुढे मी उत्तम प्रतीचा पान्यांचा संच विकत आणला. तो पाहून धाकटा म्हणाला, "दादा, हा शोकेसमध्ये ठेव, शोभेल." मी ठेवला.

कलम ५. या कलमाने कोणतीही वस्तू दिली जात नाही. तरीही ते आवश्यक आहे. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढावी लागते आणि ते काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाखाली पडून नट सैल करायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी धाकट्याने मला हाक मारली. माझी पँट इस्त्रीची होती. पत्नी म्हणाली, "मी जाते." तेव्हापासून तीच जाते. मी वर असतो. खालून ऐकू येते, "दाबा वहिनी... धरा... सोडा." आणि मग दोघांचे हसू. हवा काढण्यात हसण्यासारखे काय असते ते मी एकदा विचारले.

"अहो, भाऊजींच्या तोंडात तेल उडालं," ती म्हणाली.

हे उत्तर समाधानकारक नव्हते.

कलम ६. व्हॅक्यूम बूस्टर. पत्नीचा उजवा गुडघा दुखतो हे मला धाकट्याच्या आधीपासून माहीत होते. मी त्यासाठी मलम आणले. धाकट्याने बूस्टर आणला.

त्याचे कारण असे. टेकडीपलीकडील नव्या वसाहतीच्या बागेचे काम पत्नीस मिळाले असून पहिली खेप येत्या सोमवारी पोचवायची आहे. वाटेत मोठा उतार आहे. ट्रक ती उत्तम चालवते (शिकवणारा कोण, हे सांगण्याची गरज नसावी), परंतु जुने ब्रेक जड आहेत. भरल्या गाडीत पेडलवर जवळजवळ उभे राहावे लागते.

"वहिनी, आता नुसतं बोटानं दाबलं तरी गाडी थांबेल," धाकटा जेवताना म्हणाला.

"बोटानं कशाला? पाय अजून शाबूत आहे माझा."

"तो शाबूत राहावा म्हणूनच आणलाय."

मी आमटी मागितली. ते कोणाला ऐकू गेले नाही.

बूस्टर म्हणजे पातेल्याएवढा पत्र्याचा बंद डबा. इंजिन चालू असताना हवा आत ओढते. त्या ओढीतला थोडा हिस्सा नळीने या डब्यात आणला की ती पायाच्या मदतीला येते. नळी कुठून घ्यायची, एवढाच प्रश्न असतो. धाकट्याने ती कार्बोरेटरच्या अंगावर आयत्या असलेल्या एका बारीक तोंडाला जोडली. मी डब्यासोबतची माहितीपुस्तिका वाचली आणि खाली उतरलो.

"इथे ओढ फक्त ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मिळते," मी म्हणालो. "पाय काढला की आतली झडप मिटते आणि सगळी ओढ झडपेच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये राहते. ब्रेक मारताना ॲक्सिलरेटरवर पाय कोण ठेवतं?"

त्याने इंजिन चालू केले, नळी काढून त्या तोंडावर बोट धरले. बोटाला ओढ लागली नाही. मग म्हणाला, "दादा, तू म्हणतोस ते खरं आहे."

हे वाक्य आमच्या घरात प्रथमच उच्चारले गेले. पत्नी त्या वेळी नळावर झारी भरत होती. तिला ते ऐकू आले नाही.

उपाय एकच होता: मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या बिडाच्या नळकांड्याला, भोक पाडून तिथे नवे तोंड बसवायचे. ट्रक सामाईक असल्याने दोन्ही मालकांची संमती हवी. मी ती नाकारली. वडिलांच्या इंजिनाला भोक पाडू देणार नाही, असे सांगितले.

"अरे, वडिलांनीच हे बॉनेट घणानं ठोकून सरळ केलं होतं!" धाकटा म्हणाला आणि पत्नीकडे वळला. "दादाला मत्सर वाटतो वहिनी, दुसरं काही नाही."

या आरोपाचे उत्तर: होय, वाटतो. त्याची कारणे कलम १, २, ४ व ५ मध्ये दिली आहेत.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर, आणि त्याआधी नव्हे, धाकट्या भावास सदर मॅनिफोल्डला भोक पाडून बूस्टर जोडण्याची मुभा राहील.

येथवर शुक्रवारी लिहिले. पत्नीने कलम ७ माझ्या खांद्यावरून वाचले. त्यानंतर झालेले बोलणे जसेच्या तसे देतो.

"म्हणजे सोमवारी उताराला लागले, की तुमच्या मरणाची वाट बघत बसू?"

"सोमवारी जाऊ नकोस."

"जाणार. रोपं तयार आहेत."

"टेम्पो सांग."

"टेम्पोवाल्यानं गेल्या खेपेला निम्म्या कुंड्या फोडल्या. एका पायानं नाही थांबली तर दोन पायांनी दाबीन."

"आणि तरी नाही थांबली तर?"

"तर तुम्ही पुढचं कलम लिहा."

ती धमकी देत नाही. जे बोलते ते करते. तिने शांतपणे कप उचलला आणि ती खाली कुंड्या भरायला गेली. मी नवा कागद घेतला. त्यावर काहीही लिहिता आले नाही, कारण हे सर्व ज्या व्यक्तीस द्यायचे, ती माझ्यामागे असेलच हे मी गृहीत धरले होते.

कलम ८. कलम ७ रद्द. भोक पाडण्यास मी माझ्या मृत्यूची वाट न पाहता तत्काळ संमती देतो. अटी अशा: मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवूनच भोक पाडावे, म्हणजे बिडाचा चुरा आत जाणार नाही ("ग्रीस लावून जागेवरच पाडू की," हा धाकट्याचा प्रस्ताव फेटाळला आहे), परत बसवताना सांध्यातले गॅस्केट नवे घालावे, नळी जाड भिंतीची असावी, साधी नळी ओढीने आत चेपते, मधल्या एकमार्गी व्हॉल्व्हचा बाण इंजिनाकडे असावा, आणि नळीचे नवे तोंड मी स्वतः, माझ्या पान्याने आवळीन. हवा काढताना पेडलही मीच दाबीन.

शनिवारी या सर्व अटींची पूर्तता झाली. हवा काढताना माझा पाय एकदा वेळेआधी सुटला व धाकटा चाकाखालून जे बोलला ते या दस्तऐवजात घालण्याजोगे नाही. पँट वाया गेली.

आज रविवारी चाचणी झाली. पत्नीने बंद गाडीत पेडल घट्ट होईपर्यंत दाबले, पाय तसाच ठेवून इंजिन चालू केले, आणि पेडल तिच्या पायाखाली आपोआप थोडे खाली गेले, म्हणजे बूस्टर लागू झाला. ती ओरडली, "भाऊजी! गेलं खाली!" हाक कोणाच्या नावाने होती याची मी नोंद घेतली. धाकटा बॉनेटमागून म्हणाला, "मला काय सांगता? जोडलंय त्यानं."

तिने माझ्याकडे पाहिले. "खरंच?"

"नट तपासून घे," मी म्हणालो.

"तपासनीस, चढा शेजारी. उतारावर जाऊन येऊ."

केबिनमध्ये दोघांचीच जागा आहे. धाकटा मागे मातीच्या पोत्यांवर बसला. उतारावर तिने एका पायाने गाडी थांबवली, सोडली आणि काहीही कारण नसताना पुन्हा थांबवली.

कलम ९. ट्रकमधील माझा निम्मा हिस्सा पत्नीस मिळावा. त्यानंतर धाकट्यास कोणत्याही कामासाठी तिची संमती घ्यावी लागेल आणि ती मिळवणे माझ्याइतके सोपे नाही, हे त्याला कळेल. पान्यांचा संच धाकट्यास मिळावा. ज्या पान्याने नळीचे तोंड आवळले तो एक पाना मात्र वगळावा. तो गाडीत, चालकाच्या जागेखाली राहील.

यापूर्वी केलेली कोणतीही तोंडी वा लेखी व्यवस्था, रागाने केलेली धरून, यापुढे लागू नाही.

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. ~~धाकटा भाऊ~~ खोडले. शुक्रवारच्या मसुद्यात त्याला काहीच मिळत नसल्याने तो साक्षीदार होण्यास पात्र होता. आता कलम ९ मुळे तो पात्र राहिलेला नाही. त्याच्या जागी शेजारचा शिंपी (सही)

लिहून देणार: दादा ऊर्फ तपासनीस (सही)
ठिकाण: वरचा मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ सप्टेंबर, रविवार