दक्षिणेची भिंत

प्रिय सृष्टी,

संक्रांत झाली की टेम्पो घेऊन येते आणि तुम्हा दोघींना सांगलीला नेते, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. कवठे महांकाळच्या या माळावर लाईटचा भरवसा नाही, पाणी टँकरचं, आणि तुझे पप्पा गेल्यापासून घरात तुझी आजी आणि मीच. तुझं म्हणणं काही खोटं नाही. पण "बरं" म्हणताना एक गोष्ट पोटात राहिली. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते.

गोठ्यामागचा भंगाराचा ढीग आठवतो ना? सगळी वस्ती त्याला 'लालासाहेबांचा कारखाना' म्हणून हसायची, आणि मी तर त्यावरून पप्पांचं डोकं खायची. तो भंगारवाल्याला द्यायचा असं ठरलं होतं. मग वाटलं, माणसानं एवढ्या हौसेनं गोळा केलं ते कशासाठी, बघू तरी. मोडलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल, बेदाण्याच्या शेडवरचे निळे बॅरल, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि कुणाच्या तरी पंपावरून उतरवलेलं, काच तडकलेलं सोलर पॅनेल. एकेक वस्तू हातात घेऊन ती त्यांनी कशासाठी आणली असेल ते ओळखायचं, हा माझा खेळच झाला. खरं सांगू, मजा यायला लागली.

आधी पाणी. प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली आणि परतीच्या पावसाचं पाणी बॅरलमध्ये सोडलं. पहिलं पाणी वाहू द्यायचं, पत्रा धुऊन निघतो, हे मला ठाऊक होतं. बॅरल धुवायचं मात्र सुचलं नाही. द्राक्षं बुडवायच्या तेलाचा तवंग वर आला आणि चहाला बेदाण्याचा वास. आजी म्हणाली, "साकर कमी टाक, बेदाणं हाईतच." सगळं ओतून, बॅरल घासून पुन्हा भरले. आता वाळू-कोळशातून गाळलेलं पाणी अजून पुरतंय.

पॅनेलला मात्र आजी आडवी आली. "दक्षिणंकडं तोंड करायचं न्हाई. घराचं न्हाई, चुलीचं न्हाई, ह्या काचंचं बी न्हाई." म्हणून पूर्वेला लावलं. दुपारनंतर ते नुसतं सावलीत बसून. त्या जुन्या बॅटरीवर दिवेलागणीला लावलेला बल्ब जेवणं व्हायच्या आत मिणमिणायचा. मी उन्हाच्या मागं लागले. भाकरी थापताना, शेण काढताना ऊन कुठून कुठं सरकतं ते बघायची. थंडीतला सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच कलून जातो, हे एवढं वय झालं तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि उन्हावर नजर ठेवता ठेवता आजी दिसली. सकाळी वाकळ पांघरून दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून टेकते ती ऊन उतरल्यावरच उठते. मला हसू आलं. म्हटलं, "आत्याबाई, तुमी तर दिसभर दक्षिणेलाच तोंड करून बसता की." वाटलं, आता चिडतील. त्यांनी वाकळ खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "व्हय. लाला तिकडंच गेलाय न्हवं. त्याच्याकडं बघत बसते." आणि थोड्या वेळानं, "लाव ती काच हितंच, माझ्या डोस्क्यावर. बघू दे तिला बी."

लावली. आता आम्ही झोपेपर्यंत बल्ब जळतो. हे फोनवर सांगताना मला रडू आलं असतं आणि तू टेम्पो आणखी लवकर आणला असतास. पप्पांच्या दिवसांनंतर तू इथं एकदाही मुक्काम केला नाहीस. येतेस, उभ्या उभ्या निघतेस. रिकामं घर तुला बघवत नाही, हे मला कळतं गं. आजीची भिंत टेम्पोत मावणार नाही. तेव्हा टेम्पो नको, नुसती तू ये आणि दोन दिवस राहा. भिंतीपाशी आजीच्या शेजारी जागा आहे, ऊन चांगलं लागतं.

तुझीच,
आई